दही, ताक आणि काला



या व्यासपीठावरून विद्वानांनी इतिहास सांगावा आणि आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याने समोरच्या सतरंजीवर बसून तो ऐकावा, अशी आजवरची रीत. चालकांनी यंदा ती मोडली, त्याबद्दल त्यांचे आभार. आमचे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर राहिले. पुढचे जे काही झाले, ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा राजे, लढाया आणि तह यांच्या वाटेला न जाता आम्ही ताटातलाच एक विषय निवडला आहे, आणि तो म्हणजे दही.

नुसते दही माणसाला फारसे खाववत नाही. दोन घास बरे लागतात, तिसऱ्याला दात आंबतात. म्हणून त्यात काही ना काही घालावे लागते. कोणी काय घातले, केव्हा घातले आणि तेच का घातले, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो खरा. परंतु त्याचा माग काढता काढता कोणाच्या घरी दुभते होते, कोणाच्या घरी साखर होती आणि कोण कोणाच्या पंक्तीला बसू शकत होते, येथवर आम्ही येऊन पोहोचलो.

प्रथम वस्तू समजून घेऊ. विरजणात सूक्ष्म जंतू असतात. ते दुधातल्या साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. आम्ल पुरेसे वाढले की दुधातले केसीन नावाचे प्रथिन एकमेकांना धरून बसते; यालाच आपण दही लागले म्हणतो. दूध आधी चांगले तापवलेले असेल तर दही घट्ट लागते. मातीच्या गाडग्यात पाणी झिरपते, त्यामुळे ते आणखी घट्ट होते आणि गारही राहते. परंतु दही लागल्यावर जंतू काही काम थांबवीत नाहीत. हवा जितकी उष्ण, तितकी त्यांची घाई अधिक. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळचे गोड दही दुपारपर्यंत आंबट होऊन बसते. पुण्याच्या माणसाला जी हौस वाटेल, ती नागपूरकराला गरज आहे.

या आंबटपणाशी वागण्याच्या माणसाने चार वाटा काढल्या. पहिली, दही धान्यात कालवणे. दुसरी, त्यातले पाणी काढून गोड घालणे. तिसरी, उलट पाणी घालून पातळ करणे. चौथी, मीठ, तिखट आणि फोडणी देणे. दह्याचा सारा इतिहास या चार वाटांत मावतो, आणि कोण कोणत्या वाटेने गेला हे बहुधा त्याच्या घरातल्या डब्यांवरून ठरले.

पहिली वाट सर्वांत जुनी. ऋग्वेदात दही आहे, आणि सोमरसात दही मिसळण्याची चालही आहे. त्याच वेदात पूषन् नावाचा देव येतो. तो गुरांचा आणि वाटांचा राखणदार. इतर देवांना सोम प्रिय, याला मात्र करंभ आवडतो. करंभ म्हणजे भरडलेल्या धान्याचे दह्यात कालवलेले खाणे. गुरे राखणाऱ्यांचा देव गुराख्याचीच न्याहारी मागतो, हे आम्हाला फार बोलके वाटते. पुढे पाणिनीचे व्याकरण पाहावे. दध्योदन, म्हणजे दहीभात, हा शब्द कसा बनतो हे त्याच्या एका सूत्राने कळते. त्या सूत्रात अन्न कोणते आणि व्यंजन कोणते यांचा विचार आहे. भात हे अन्न, दही हे व्यंजन. म्हणजे दह्याला चव कशी आणावी हा त्या काळचा प्रश्नच नव्हता; कोरड्या धान्याला चव आणण्यासाठी दही होते. कोरड्या भाकरीवर पळीभर दही वाढून घेणारा आमचा मजूर ही गोष्ट व्याकरण न शिकता जाणतो.

वैद्यकाचेही मत ऐकावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दह्याबद्दल स्पष्ट ताकीद आहे. रात्री दही खाऊ नये, गरम करून खाऊ नये. आणि तूप-साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांच्यावाचून खाऊ नये. ग्रीष्म, वसंत आणि शरद या ऋतूंत तर ते बहुधा टाळावे. सारांश, नुसते दही शास्त्रालाही मान्य नव्हते. परंतु चरकाने सुचवलेल्या जिनसांची यादी पाहा. तूप, साखर, मध! मोलमजुरी करणाऱ्याने त्या काळी हे पथ्य कसे पाळले असेल?

दुसरी वाट गोडाची. चक्का बांधून त्यात साखर घोटण्याच्या प्रकाराला संस्कृतात शिखरिणी किंवा रसाला म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात अशी कथा दिली आहे की ती प्रथम भीमाने केली आणि श्रीकृष्णाने आवडीने चाखली. कथा कथाच आहे. तथापि बलदंड माणसाला स्वयंपाकाचे श्रेय देण्यात तिच्या कर्त्याला कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात दह्यात भिजवलेले वडे आहेत आणि शिखरिणीही आहे. आपल्या श्रीखंडाचे घराणे हे असे राजवाड्यातले. केळ्याचे शिकरण हा शब्दही याच शिखरिणीपासून आला असे मानतात. म्हणजे राजवाड्यातून निघालेले नाव शेवटी दुधात कुसकरलेल्या केळ्यावर येऊन टेकले.

श्रीखंडाचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे. दही फडक्यात टांगले की त्याचे निम्मे, कधी निम्म्याहून अधिक वजन पाण्यावाटे निघून जाते. उरलेल्या चक्क्यात साखर घालावी लागते, वर केशर, वेलदोडा. दाणेदार साखर करण्याची विद्या आपल्या देशात गुप्तकाळापर्यंत चांगली रुळली होती. परंतु विद्या देशात असणे वेगळे आणि साखर घरात असणे वेगळे. सामान्याच्या घरी गूळ होता, तोही जपून वापरायचा. म्हणून श्रीखंड पाडव्याला आणि दसऱ्याला. उरलेले दिवस तिसऱ्या वाटेचे.

ही तिसरी वाट पाण्याची. येथे हिशेब नेमका उलटा होतो. श्रीखंडवाला पाणी काढून साखर घालतो. ताकवाला लोणी काढून पाणी घालतो. भावप्रकाशाने या घुसळलेल्या दह्याची पाच नावे दिली आहेत. साय आहे आणि पाणी नाही ते घोल. सायही नाही, पाणीही नाही ते मथित. चौथाई पाणी घातलेले तक्र, निम्मे पाणी घातलेले उदश्वित, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. आपला मठ्ठा मथितातून आला, ताक तक्रातून आले, आणि हिंदीतली छाछ छच्छिकेतून. वैद्याने ही नावे गुणधर्मासाठी दिली. आम्ही ती वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एक उतरंड उभी राहिली: वरच्या मडक्यात साय, खालच्या मडक्यात पाणी.

या उतरंडीचा दाखला हवा असेल तर ग्रंथ सोडून म्हणींकडे यावे. ‘ताकाला जाऊन भांडे लपविणे’ ही म्हण काय सांगते? ताक मागायला शेजारी जाण्याची चाल होती, ते फुकट मिळत होते, आणि तरी मागताना लाज वाटत होती. ‘दुधाची तहान ताकावर भागविणे’ ही म्हण कोणाच्या घरात जन्मली असेल, हे सांगायला नको. ‘ताकापुरते रामायण’ या म्हणीत तर वाटीभर ताकासाठी यजमानाला गोड बोलणारा माणूस दिसतो. दुभत्याच्या घरी दही घुसळून लोणी काढीत, त्याचे तूप कढवीत, आणि तूप बाजारात जाऊन त्याचा पैसा होई. ताकाला बाजार नव्हता, म्हणून ते वाटले जाई. गरिबाला त्यातली साय मिळाली नाही. परंतु साय गेल्यावरही दुधातली बरीचशी प्रथिने आणि चुना ताकात राहतो. उष्ट्या-पाष्ट्या मानाने का होईना, त्याचे पोषण त्या ताकावर झाले.

आता चौथी वाट, आणि आमच्या मते खरी करामत येथेच आहे. आज दह्याबरोबर मिरची अगदी सनातन वाटते. वस्तुतः मिरची अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर इकडे आली. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखट होते ते मिऱ्याचे, आल्याचे आणि पिंपळीचे. शेंगदाणाही अमेरिकेचाच. म्हणजे दही-मिरची-दाण्याचा कूट ही आपली ‘परंपरा’ फार तर चारशे वर्षांची. ती इतकी वेगाने पसरली याचे कारण उघड आहे. मिरे मलबारातून यायचे आणि दाम मोजून घ्यायचे. मिरची परसात लागते. ज्याच्या हाती पैसा नव्हता त्याला प्रथमच स्वतःच्या कुंपणातले तिखट मिळाले. आज नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्यामागे या परसाची पुण्याई आहे.

विदर्भातल्या गरीब घरांनी एवढ्या भांडवलावर काय काय केले ते पाहा. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यावर ताक. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. लाह्यांचे पीठ दह्यात कालवून उन्हाळ्याची न्याहारी. दह्यात जवसाची किंवा दाण्याची चटणी. कांदा चिरून, मीठ-तिखट लावून, वर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. भाजलेल्या वांग्याचे दह्यातले भरीत. मिरच्या दह्या-मिठात मुरवून उन्हात वाळवायच्या, तेलात तळायच्या आणि दहीभातावर चुरायच्या, ती सांडगी मिरची. दही हातचे गेले, फारच आंबले, तर फेकायचे नाही. बेसन लावून कढी करायची, तीत डाळीचे गोळे सोडायचे. बेसन का? नुसते दही तापवले तर प्रथिने गोळा होऊन ते फुटते. बेसनातले पिष्ट त्यांना वेगळे धरून ठेवते. हे रसायन कोणत्याही पुस्तकात येण्यापूर्वी आमच्या आया-आज्यांनी चुलीपुढे सिद्ध केले होते.

फोडणीचेही तसेच. जिरे, मोहरी, हिंग, लसूण, गोडलिंब यांचा वास पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. चमचाभर गरम तेल तो वास वाडगाभर दह्यात पसरवते. ताकातून लोणी निघून गेले, त्याबरोबर जी स्निग्धता गेली, ती चमचाभर जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाने काही अंशी भरून काढली. मीठ आणि काकडी मात्र वाढण्याच्या वेळीच घालायची, नाहीतर पाणी सुटते, ही शिस्तही त्यातलीच. श्रीखंडाला कर्ता म्हणून भीम मिळाला. फोडणीच्या दह्याला कर्ती कोण, हे कोठे लिहिलेले नाही.

इथवर आपण घराघरांतले दही पाहिले. आता सर्वांचे एकत्र केलेले दही पाहू. गोपाळकाल्यात प्रत्येक गोपाळ आपापली शिदोरी आणतो. कोणाचे पोहे, कोणाच्या लाह्या, कोणाची भाकरी, कोणाचे लोणचे. आणि सारे दह्यात एकत्र कालवून सर्व जण खातात. वारकऱ्यांच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि आषाढीच्या वारीनंतर पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो. चवीच्या दृष्टीने पाहिले तरी काला फार विचाराचा आहे. आंबट, खारट, तिखट, गोड आणि कुरकुरीत हे सारे एका घासात येते. एकाच्या शिदोरीत हे कधीच मावले नसते. ज्या समाजात एकमेकांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या समाजाला हा घास शिकवला गेला.

पण शिकवण एक आणि व्यवहार एक. काल्याचे कीर्तन शतकानुशतके झाले, तरी पंढरीच्या मंदिराचे दार सर्वांना उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. ज्या चोखोबांचे नाव कीर्तनात घेतात, त्यांची समाधी मंदिराच्या दाराबाहेर आहे. आणि ज्याच्या नावाने काला होतो त्या गोपाळाचे, म्हणजे गुरे राखणाऱ्याचे, आपल्या विदर्भात काय झाले? गोवारी समाज पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरे राखणारा. आपल्या मागण्या घेऊन तो २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर मोर्चाने आला, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. सीताबर्डीवर त्यांचे स्मारक आहे. मोर्चे काढणे हा आमचा धंदा. त्या स्मारकावरून जाताना आमची पावले अजूनही जड होतात. दह्याचा इतिहास सांगताना गुरे राखणाऱ्यांचे हे मरण वगळून पुढे जाणे आम्हाला जमत नाही.

क्षणभर देशाबाहेर डोकावू. तुर्कस्तानात दह्यात पाणी आणि मीठ घालून आयरान पितात. बाल्कन देशांत काकडी आणि लसूण घालतात. पश्चिम युरोपाला मात्र दही उशिरा कळले. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने दह्यातला जंतू ओळखला. पुढे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने दही आणि दीर्घायुष्य यांचा संबंध जोडला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते रोगप्रतिकाराच्या संशोधनाबद्दल. पण त्याच्या नावाने दही गाजले. १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी दह्याचा कारखाना काढला, तेव्हा ते दही औषधाच्या दुकानांत विकले जाई. औषध म्हणून माणूस किती दिवस खाणार? अमेरिकेत १९४७ साली याच घराण्याच्या कंपनीने डब्याच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा मुरंबा घातला, आणि मग खप वाढला. चरकाची साखर अशा रीतीने सातासमुद्रापार पुन्हा सिद्ध झाली. फरक एवढाच की तेथे चव कारखान्याने घातली आणि किंमत लावली.

तोच प्रवाह आता आपल्याकडे आला आहे. १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले आणि गावोगाव दूध संकलन पोहोचले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, १९९८ च्या सुमारास देश दुग्धोत्पादनात जगात पहिला झाला. या कामाचे मोल आम्ही कमी करणार नाही. परंतु दूध पहाटेच केंद्रावर गेले की घरात विरजण लागत नाही, रवी फिरत नाही, आणि शेजारणीला द्यायला ताक उरत नाही. ज्या वस्तूला बाजार नव्हता तिला पिशवी आणि भाव आला. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनातल्या दह्या-ताकावर ५ टक्के कर लागला. ताकाला जाताना आता भांडे लपवावे लागत नाही. पैसे न्यावे लागतात.

ही गोष्ट कामगाराच्या ताटापर्यंत कशी येते, त्याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या उपाहारगृहाचा तंटा आमच्याकडे आला. जेवणात वाटीभर दही देण्याचे ठरले होते. दही रोज येई, आणि निम्म्या वाट्या भरलेल्याच परत जात. व्यवस्थापनाने निष्कर्ष काढला की कामगारांना दही नको आहे, तेव्हा ते बंद करावे. बैठकीत एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “दही नको, असं कोन म्हनलं जी? त्याले मीठ नाई, फोडनी नाई. मंग खाचं कसं?” आम्ही मागणी लिहून दिली: मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड, चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि दिवसाआड फोडणी. आमच्या साऱ्या कारकिर्दीत एवढी स्वस्त मागणी आम्ही दुसरी केली नसेल. तरी तिला तीन बैठका लागल्या. कारण समोरच्यांचे म्हणणे असे की पोषण देणे आमचे काम, चव ही तुमची चैन. शेवटी मागणी मान्य झाली, आणि वाट्या रिकाम्या येऊ लागल्या. न खाल्लेल्या अन्नाने कोणाचेही पोषण होत नाही, इतके साधे ते गणित होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची आणि उन्हाळ्यात थंड पाण्याची तरतूद सांगितली, आणि उपाहारगृहाच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत असेही म्हटले. नागपुरात त्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. १८७७ साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. कापडगिरणीच्या विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवीत, आणि बाहेरच्या उन्हात आतला तो दमटपणा मिसळे. २००२ साली ती गिरणी बंद झाली. आज तोच उकाडा बांधकामावरचा मजूर, वीटभट्टीवरची बाई आणि दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवणारा तरुण सोसतो, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना उपाहारगृह नाही. उष्णतेच्या लाटेत काय प्यावे याबद्दल राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जी सूचना काढते, तीत ताक आहे. मीठ घातलेले ताक घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार परत देते. सूचना छापून भिंतीवर लागते. ताक कोणी द्यायचे, हे मात्र तीत नसते.

म्हणून आम्ही या सभेपुढे एकच गोष्ट मांडतो. एप्रिल आणि मे महिन्यांत प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक बांधकामावर, सावलीत एक माठ ताकाचा असावा. त्यात मीठ, जिरे, आले आणि सांबार असावे. आणि त्याचा खर्च काम करवून घेणाऱ्याने सोसावा. पाण्यासारखे पांचट ताक ओतून कोणी मोकळे होऊ नये. आमच्या आज्यांनी काही नसताना ते चवदार केले. आज शहरात इतके काही असताना ते बेचव द्यायला सबब उरलेली नाही.

पुढच्या आठवड्यात आमची मंडळी महाल, इतवारी आणि वर्धा मार्गावरच्या नाक्यांवर असे माठ ठेवण्याच्या खटपटीला लागणार आहेत. ज्यांच्या घरी विरजण लागते त्यांनी एक गाडगे जास्त लावावे. ज्यांच्या घरी लागत नाही त्यांनी जिरे भाजून आणावेत.